घरदलालांची पाटी आणि तिचा मालक

दलाल हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. घर मिळाले की दलालीचे पैसे देणे जिवावर येते, आणि घर मिळाले नाही तर दलालाच्या नावाने बोटे मोडली जातात. तेव्हा कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने या व्यासपीठावर येऊन पगाराविषयी बोलावे, महागाईभत्त्याविषयी बोलावे, घरदलालांची कथा त्याने कशाला सांगावी, असे काही श्रोत्यांना वाटेल. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, या धंद्याच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आम्हांला आमच्याच चळवळीतला एक जुना प्रश्न भेटतो. काम करणाऱ्याचे हत्यार कोणाच्या मालकीचे असावे, हा तो प्रश्न होय.

घरदलालाचे हत्यार म्हणजे त्याची पाटी. कोणते घर रिकामे आहे, ते कोठे आहे आणि त्याचे मोल काय, हे गिऱ्हाईकाला कळविण्याचे जे साधन त्याला आम्ही पाटी म्हणतो. ही पाटी एके काळी घराच्या दारावर टांगलेली लाकडी पाटी होती. पुढे ती वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत गेली, आणि आता ती मोबाइलच्या काचेवर आली आहे. स्थित्यंतर झाले की साधन स्वस्त झाले, आता लहानातला लहान दलालही मोठ्या पेढीच्या बरोबरीने धंदा करील, असे सांगण्यात येते. ही स्वस्ताई किती टिकली आणि ती कोणाच्या पदरात पडली, हे आज पाहावयाचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना जॉबर आठवत असेल. सकाळी गिरणीच्या दाराशी बदली कामगारांचा घोळका उभा राही. साच्यावर कोणाला घ्यावयाचे ते जॉबर ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. कामगाराच्या अंगात कसब होते, गिरणीला माणूस हवा होता. पण दोघांच्या मध्ये जे दार होते त्यावर जॉबर बसला होता. १९३५ साली बदली नियंत्रणाची योजना आली, कार्डे आली, आणि या दस्तुरीला काही प्रमाणात आळा बसला. दार ज्याच्या हाती त्याची दस्तुरी, हे सूत्र ध्यानात ठेवून आपण तीन ठिकाणची हकीकत पाहू: प्रथम अमेरिकेची, मग इंग्लंडची, आणि शेवटी आपल्या मुंबईची.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावचे घरदलाल ठरावीक दिवशी एकत्र जमू लागले. माझ्याकडे अमुक घर विकावयाचे आहे, तुझ्याकडे गिऱ्हाईक असेल तर आण, दलाली आपण वाटून घेऊ, असा तो व्यवहार होता. यातून सामाईक यादीची पद्धत निघाली. ‘मल्टिपल लिस्टिंग’ हे तिचे नाव १९०७ च्या सुमारास रूढ झाले. १९०८ साली शिकागो येथे या दलालांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे तिच्या सभासदांना ‘रिअल्टर’ असे खास नाव मिळाले. सामाईक यादी सुरुवातीला तोंडी होती, मग कार्डांवर आली, मग छापील पुस्तकांच्या रूपाने सभासदांकडे जाऊ लागली, आणि १९७० नंतर ती हळूहळू संगणकावर गेली. या सर्व काळात यादी दलालांच्या स्थानिक संघांचीच होती. एका खोलीत बसून धंदा करणाऱ्या माणसालाही वर्गणी भरल्यावर साऱ्या गावची घरे दिसत. स्वस्त तंत्र म्हणतात ते हेच. त्याचा पाया यंत्राच्या आधी सहकाराने घातला होता.

परंतु ही गोष्ट येथे संपविली तर तो इतिहास होणार नाही, ती संघटनेची स्तुती होईल. या संघटनेच्या १९२४ च्या आचारसंहितेत असे कलम होते की, ज्यांच्या येण्याने शेजारच्या मालमत्तेची किंमत उतरेल अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना सभासदाने त्या वस्तीत आणू नये. म्हणजे निग्रो कुटुंबाला गोऱ्यांच्या आळीत घर दाखविणे हा दलालाच्या नीतीचा भंग ठरत होता! कलमातील वंशाचा उल्लेख १९५० साली काढण्यात आला. प्रथा मात्र लगेच गेली नाही. कृष्णवर्णीय दलालांना अनेक गावच्या संघांत प्रवेशच नव्हता. अखेर त्यांनी १९४७ साली आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली आणि स्वतःला ‘रिअल्टिस्ट’ म्हणवून घेतले. घरांच्या व्यवहारातील भेदभावाला बंदी करणारा कायदा अमेरिकेत १९६८ साली झाला. पाटी सहकारी होती हे खरे. पण त्या सहकाराच्या दारावर पहारेकरी होता.

दुसरा दोष दराचा. वॉशिंग्टन शहराच्या संघाने दलालीचे दर ठरवून दिले आणि सभासदांना ते बंधनकारक केले. १९५० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे मक्तेदारीविरोधी कायद्याचे उल्लंघन ठरविले. त्यानंतरही विकणाऱ्याच्या दलालाने घेणाऱ्याच्या दलालाला किती वाटा द्यावयाचा तो सामाईक यादीतच नोंदविण्याची रीत चालू राहिली, आणि दोघांची मिळून दलाली सर्वसाधारणपणे पाच ते सहा टक्क्यांच्या घरात राहिली. मिसुरी राज्यातील घरे विकणाऱ्यांनी याविरुद्ध दावा लावला. ऑक्टोबर १९२३ मध्ये नव्हे, तब्बल शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्यूरीने संघटना व काही मोठ्या पेढ्या यांच्याविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलरचा निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली, आणि ऑगस्ट २०२४ पासून यादीत असा वाटा लिहिणे बंद झाले. संघटनेने सभासदांचे हित पाहिले, हा तिचा गुण. ज्याच्या पैशावर धंदा चालतो त्या घरवाल्याला तिने हिशेबात धरले नाही, हा तिचा दोष. आम्हां संघटनावाल्यांना हा दुसरा भाग ऐकणे जड जाते, म्हणून तो मुद्दाम सांगितला पाहिजे.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे अमेरिकेसारखी सामाईक यादी रुजली नाही. आपल्या घराचे काम लोक बहुधा एकाच दलालाला देतात, आणि दलाली साधारणपणे दीड टक्क्याच्या आत-बाहेर असते. दलाल दुकानाच्या काचेत घरांची चित्रे लावी, गावच्या साप्ताहिकात जाहिरात देई. २००० साली तेथील चार बड्या मंडळींनी मिळून ‘राइटमूव्ह’ नावाचे संकेतस्थळ काढले: हॅलिफॅक्स, कंट्रीवाइड, रॉयल अँड सन अलायन्स आणि कॉनेल्स. त्या वेळी या चौघांच्याही घरविक्रीच्या पेढ्या होत्या. म्हणजे जन्माच्या वेळी ही पाटी धंदेवाल्यांचीच होती, जरी ती धंद्यातल्या थोरामोठ्यांची असली तरी. २००६ साली कंपनीची लंडनच्या शेअरबाजारात नोंद झाली, आणि पाटीची मालकी दलालीशी काही संबंध नसलेल्या भागधारकांकडे जाऊ लागली.

येथे या व्यवहाराची मेख समजून घेतली पाहिजे. घर शोधणारा माणूस जेथे जास्त घरे दिसतात तेथे जातो. आणि घर विकणारा माणूस जेथे जास्त शोधणारे येतात तेथेच आपले घर लावा म्हणतो. आपल्याकडच्या आठवडी बाजाराचेही असेच असते. ज्या गावी बैल जास्त येतात तेथे घेणारे जमतात, आणि घेणारे जमतात म्हणून बैल येतात. एकदा बाजार भरू लागला की शेजारच्या गावी तो हलविणे कठीण. पण बाजाराची जागा ग्रामपंचायतीची असते आणि बाजारकर पंचायत ठरविते. ती जागा एका सावकाराची असती तर? पहिली काही वर्षे त्याने कर थोडाच घेतला असता. बाजार जमल्यावर मात्र तो दरसाल वाढविला असता, आणि कोणी बैल घेऊन परत गेला नसता.

राइटमूव्हच्या बाबतीत घडले ते असे. २०२४ साली या कंपनीला एकेका जाहिरातदाराकडून दरमहा सरासरी सुमारे १५०० पौंड मिळत होते, आणि मिळालेल्या दर शंभर पौंडांतून सुमारे सत्तर पौंड व्यवसायाचा नफा म्हणून उरत होते. शंभरात सत्तर! कोणत्या गिरणीमालकाने, कोणत्या कारखानदाराने असा नफा नित्य पाहिला असेल? पाटीचा खर्च थोडा आहे, हे यावरून सिद्धच होते. तंत्र खरोखर स्वस्त झाले. परंतु ते पाटीच्या मालकाला स्वस्त झाले. गावच्या दलालाला त्याची किंमत बाजाराच्या भाड्याप्रमाणे द्यावी लागली. दुसऱ्यांच्या घरांची भाडी ठरविणारा माणूस स्वतः पाटीचा भाडेकरू बनला.

यावर तेथील दलालांनी उपाय केला नाही असे नाही. २०१३ साली सॅव्हिल्स, नाइट फ्रँक इत्यादी पेढ्यांच्या पुढाकाराने ‘एजंट्स म्युच्युअल’ ही परस्परसाहाय्याची संस्था निघाली. भागभांडवलावर नफा वाटण्यासाठी ती नव्हती. सभासद दलालांनी वर्गणी द्यावी आणि आपली पाटी आपण चालवावी, हा हेतू. जानेवारी २०१५ मध्ये तिचे ‘ऑन द मार्केट’ हे संकेतस्थळ सुरू झाले. संस्थेने एक कडक नियम केला: सभासदाने आपल्या पाटीखेरीज दुसऱ्या एकाच पाटीवर घरे लावावीत, दोहोंवर लावू नयेत. हेतू असा की दोन प्रस्थापित पाट्यांपैकी एकीचा तरी जोर मोडावा. त्या वेळी राइटमूव्हच्या खालोखाल ‘झूप्ला’ हे २००८ साली निघालेले संकेतस्थळ होते. सभासदांनी काय केले? बहुतेकांनी झूप्ला सोडले आणि राइटमूव्ह ठेवले.

संप पुकारावयाचा सर्वांत बलाढ्य मालकाविरुद्ध, आणि काम बंद करावयाचे शेजारच्या दुबळ्या कारखान्यात, असा हा प्रकार झाला. एकेकट्या दलालाचे तरी काय चुकले? त्याच्या दारी येणारा घरवाला पहिला प्रश्न विचारी, तुम्ही राइटमूव्हवर आहात ना? नाही म्हटले तर घर शेजारच्या दुकानात जाई. सर्वांनी एकाच दिवशी सोडले असते तरच ते साधले असते, आणि ते पार पाडील अशी एकजूट त्यांच्यात नव्हती. पुढे या नियमावर एका सभासद पेढीशी खटला झाला. २०१७ साली तेथील स्पर्धाविषयक न्यायाधिकरणाने नियम वैध ठरविला. कायद्याने संस्था जिंकली. बाजारात मात्र तिला जिंकता आले नाही.

नंतर पैशाची अडचण आली. मोठ्या पाटीशी टक्कर द्यावयाची म्हणजे लोकांत तितकी जाहिरात केली पाहिजे, आणि वर्गणीतून ते भागेना. २०१७ साली सभासदांनी परस्परसाहाय्याचे स्वरूप सोडून देण्याच्या बाजूने मते दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संस्था कंपनी होऊन शेअरबाजारात गेली. तेथे तिने ३ कोटी पौंड उभे केले. जवळजवळ सहा वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, ‘कोस्टार’ या अमेरिकन कंपनीने ती सुमारे १० कोटी पौंडांना विकत घेतली. दलालांनी भाडेकरूपणातून सुटण्यासाठी बांधलेले घर अशा रीतीने आठ-नऊ वर्षांत नव्या मालकाच्या ताब्यात गेले. ज्या संस्थेच्या घटनेत संस्था विकण्याची वाट मोकळी असते, तिला अडचणीच्या दिवशी ती वाट सर्वांत सोपी वाटते, हा यातला धडा आहे.

या पाट्यांची मालकी आता देशांच्या सीमाही ओलांडते. अमेरिकन संघटनेच्या नावाने चालणारे ‘रिअल्टर डॉट कॉम’ हे संकेतस्थळ ज्या कंपनीकडे होते, ती कंपनी मर्डोक घराण्याच्या ‘न्यूज कॉर्प’ने २०१४ साली सुमारे ९५ कोटी डॉलरना घेतली. त्याच समूहातील ‘आरईए’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये राइटमूव्ह विकत घेण्यासाठी एकामागून एक प्रस्ताव पाठविले. शेवटचा सुमारे ६२० कोटी पौंडांचा होता, आणि तोही नाकारला गेला. आणि ह्याच आरईएने २०२० साली आपल्या देशातील ‘हाउसिंग डॉट कॉम’चा ताबा मिळविला होता. हे संकेतस्थळ २०१२ साली मुंबईच्या आय.आय.टी.तील तरुणांनी काढलेले होते. तेव्हा शिकागो आणि लंडन येथील ही कथा आपल्या पवईपर्यंत येऊन पोचली आहे.

मुंबईच्या दलालाचा इतिहास भाडेनियंत्रणाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी बांधली गेली. खोल्या थोड्या, माणसे फार. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता, तरी ती अर्धे शतक सर्रास चालली, आणि १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. या काळात कोणत्या चाळीत कोण गावी चालला, कोणाची खोली मोकळी होणार, ही बातमी हेच दलालाचे भांडवल होते. पानाचे दुकान, इराण्याचे हॉटेल, इमारतीचा पहारेकरी ही त्याची वार्तापत्रे. भाड्याच्या घराला एक महिन्याचे भाडे आणि विक्रीला एक-दोन टक्के, ही रीत पडून गेली. मग २००५ साली ‘नाइन्टीनाइन एकर्स’, २००६ साली ‘मॅजिकब्रिक्स’ अशी संकेतस्थळे निघाली. २०१४ साली बंगळूरला जे निघाले त्याने तर ‘नोब्रोकर’, म्हणजे दलालच नको, असे नावच धारण केले. दलाल नको म्हणणारी कंपनीसुद्धा घरवाला व भाडेकरू यांच्या मध्येच उभी असते आणि सेवेचे पैसे घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे मध्यस्थ नाहीसा झाला नसून त्याचे रूप बदलले आहे, हे कळून येते.

आपल्याकडच्या लहान दलालाने याहूनही स्वस्त साधन शोधले, ते व्हॉट्सअ‍ॅपचे. मोबाइलवर खोलीचे छायाचित्र काढावे, भाडे व अनामत लिहावी, आणि आपल्या भागातील शे-दोनशे दलालांच्या गटात टाकावे. गिऱ्हाईक एकाचे, घर दुसऱ्याचे, दलाली निम्मी-निम्मी. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन दलाल आठवड्यातून एकदा जमून जे करीत, तेच आमचा दलाल चहाच्या टपरीवर उभा राहून दिवसातून दहा वेळा करतो, आणि कोणी त्याला ते शिकविलेले नाही. सहकाराची ही उपजत बुद्धी कौतुकास्पद आहे. परंतु ही पाटीदेखील परक्याची आहे. २०१४ साली फेसबुक कंपनीने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले. आज बाजारकर नाही, म्हणून उद्याही नसेल असे समजणे राइटमूव्हच्या इतिहासाकडे पाठ फिरविण्यासारखे होईल.

शिवाय जुने दोष या नव्या पाटीवरही आले आहेत. विकले गेलेले घर जाहिरातीत तसेच राहते, एकच खोली दहा ठिकाणी दहा भावांनी दिसते, आणि गिऱ्हाईकाला ओढण्यासाठी नसलेल्या घराचे आमिष दाखविले जाते. याहून वाईट म्हणजे आडनाव विचारून, धर्म विचारून, स्वयंपाकात काय शिजते ते विचारून माणसे परतविली जातात. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीला घर नाकारले जाते. दलाल म्हणतो, मालकाची अट आहे, आम्ही काय करणार? १९२४ साली अमेरिकन दलालही शेजाऱ्यांची मर्जी सांभाळीत होता. त्यांचे ते छापील कलम होते, आमचे तोंडी आहे, इतकाच फरक.

मग यावर सार्वजनिक सत्तेने काही केले आहे काय? काही केले आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला, आणि महाराष्ट्रात ‘महारेरा’ची स्थापना झाली. नव्या प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी आवश्यक झाली. २०२३ पासून त्याला प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक झाली. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. मोबाइल त्यावर धरला की प्रकल्पाची सरकारी नोंद समोर येते. जाहिरात खाजगी, पण तिच्या खरेखोटेपणाची पाटी सार्वजनिक, अशी ही सोय आहे, आणि तिच्यासाठी घर घेणाऱ्याला पैसा पडत नाही. तथापि भाड्याच्या खोल्या या व्यवस्थेच्या बाहेर आहेत, आणि कामगाराला व नव्या नोकरदाराला गाठ पडते ती भाड्याच्या खोलीशीच.

एवंच, तीन ठिकाणच्या इतिहासातून आम्हांला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, पाटी तिच्यावर पोट असणाऱ्यांच्या मालकीची असावी, आणि ती विकता येणार नाही असे तिच्या घटनेतच लिहिलेले असावे. इंग्लंडमध्ये हेच राहून गेले. दुसरी, तिचे दार धर्म-जात-वंश न विचारता दलालाला आणि घर शोधणाऱ्याला सारखेच उघडे असावे. अमेरिकेत ते बंद राहिले आणि त्या संघटनेची अब्रू गेली. तिसरी, दलाली किती आणि कशाबद्दल ती उघड असावी, आणि पाटीच्या कारभारात भाडेकरूंचाही प्रतिनिधी बसावा. म्हणजे शंभर वर्षांनी न्यायालयात हिशेब द्यावा लागणार नाही.

हे अशक्य आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्या महाराष्ट्राने १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्रातील शहरांत शे-दोनशे दलालांची एक सहकारी यादी चालविणे हे काही मोठे भांडवलाचे काम नव्हे. कारखान्याला कोट्यवधींची यंत्रे लागतात. या कामाला लागणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आधीच आहे. लागतो तो जमाखर्च, नियमांची एक वही, आणि ते नियम आपल्याच माणसाविरुद्धही चालविण्याची तयारी. सहकारी कारखान्यांत पुढे जे काही बिघडले ते या तिसऱ्या गोष्टीच्या अभावी बिघडले, हे आपण सर्व जाणतो. घरदलालांनी ती तयारी दाखविली, तर या शहरात नव्याने येणाऱ्या माणसाला खोली मिळताना आडनाव सांगावे लागणार नाही आणि दोनदा दस्तुरी द्यावी लागणार नाही. एवढे झाले तरी दलाल या शब्दाला गेलेली पत काही अंशी परत येईल.